मंगळावरचा दगड आणि आपलं हेडिंग

संपादक साहेब, नमस्कार.

मंगळावरच्या त्या दगडाची बातमी आपल्या पेपरात 'मंगळावर जीव सापडला' अशा हेडिंगखाली आली, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. जीव सापडलेला नाहीये हो. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरला, म्हणजे यंत्रगाडीला, जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराजवळ, अब्जावधी वर्षांपूर्वी जिथून नदी वाहायची तिथे, चेयावा फॉल्स नावाचा एक दगड दिसला, जेमतेम मीटरभर लांब, आणि त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे पण मिलिमीटरएवढे डाग, आणि खसखशीसारखे काळे ठिपके. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध आला, त्यात व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही दोन खनिजं बहुतेक असावीत असं म्हटलंय. आपल्याकडे पृथ्वीवर चिखलात काही कुजत असलं, त्यात सूक्ष्मजीव काम करत असले, की ही खनिजं तयार होतात. पण जिवाशिवायही होऊ शकतात, आणि शास्त्रज्ञ स्वतःच 'संभाव्य खूण' यापुढे एक शब्द बोलले नाहीत.

कॉलेजात असताना मला चुनखडीच्या फरशीचा एक तुकडा मिळाला होता, त्यावर हुबेहूब फर्नची पानं, मी धावत सरांकडे गेलो की जीवाश्म मिळालं म्हणून. सरांनी भिंग हातात दिलं आणि म्हणाले, पानाला मधे शीर असते, इथे दाखव बरं. शीर नव्हतीच. भेगेतून पाणी झिरपून मँगनीजची नक्षी उमटली होती. दगड असा फसवतो, आणि तो तर माझ्या हातात होता, हा आहे कोट्यवधी किलोमीटर लांब.

त्या दगडाचा नमुना रोव्हरने एका नळीत बंद करून ठेवलाय, सॅफायर कॅन्यन नाव दिलंय त्याला. तो इथे लॅबमध्ये आला, त्यातल्या लोखंडाचे आणि गंधकाचे आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, मोजले, तर काहीतरी पक्कं कळेल. पण नमुने आणायच्या मूळ प्लॅनचा खर्च ११ अब्ज डॉलरवर गेला, तारीख २०४० वर गेली, आणि सगळं अडकलं. आता 'जीव सापडला' असंच छापून आलं तर लोकांना वाटणार झालं काम, मग ती नळी आणायला पैसे कोण देणार आणि का देणार?

दुरुस्ती छापाल ना? आणि जागा असेल तर त्या डागांचा फोटो मोठा छापा, पोरांना बघू द्या.

आपला एक जुना वाचक