सामंताची कडी कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गावात एका हौशी संस्थेने 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा प्रयोग केला. नायिका बेणारे झालेल्या मुलीने शेवटच्या स्वगताला काटा आणला. पण सुरुवात कापलेली. पडदा उघडला तोच नाटकातली सगळी मंडळी हॉलमध्ये हजर! नंतर आत जाऊन विचारलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "काका, तिथे नुसत्या गप्पा आहेत. दहा मिनिटं वाचली."

तेंडुलकरांच्या संहितेत आधी दोघंच येतात, बेणारे आणि गावातला सामंत. दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. सामंत बिचारा ओशाळून सांगतो, की ही कडी अशीच. जरा बाहेर राहिली आणि दार ओढलं की माणूस आत अडकलाच. आपण हसतो, विसरतो. पुढे मंडळी बेणारेवर लुटुपुटूचा खटला चालवतात, तेव्हा याच सामंताला साक्षीदार कमी पडला म्हणून पिंजऱ्यात उभं करतात. तो वाचत असलेल्या कादंबरीतलं काहीबाही ठोकून देतो आणि ते नेमकं बेणारेच्या वर्मी लागतं. ती पर्स उचलून दाराशी जाते, तर दार बाहेरून बंद. सुरुवातीचं बोलणं ज्याने ऐकलंय त्याच्या पोटात गोळा येतो. ज्याने ऐकलं नाही त्याला वाटतं, लेखकाने सोयीसाठी कडी घातली.

पुढचं आधीच सहज बोलण्यात पेरायची ही युक्ती आपल्याकडे जुनीच. विदर्भातल्या भवभूतीचं 'उत्तररामचरित' हे संस्कृत नाटक घ्या. सीता रामाच्या दंडावर डोकं ठेवून झोपलेली. तो म्हणतो, हिचं सगळंच गोड, असह्य काय तो विरह. तेवढ्यात प्रतिहारी, म्हणजे दारावरची सेविका, येऊन म्हणते, "देव, उपस्थितः." आलाय हे तिला दुर्मुख या हेराबद्दल सांगायचंय. पण आपल्या कानांनी 'विरह आला' एवढंच ऐकलेलं असतं, आणि दुर्मुख लोकापवादच घेऊन आलेला असतो. बोलण्यातून पुढच्याची अशी नकळत चाहूल देण्याला नाट्यशास्त्रात 'पताकास्थानक' असं नाव आहे. प्रतिहारीला संपादित करायचं कुणाला सुचलं नाही, हे नशीब.

तिसऱ्या घंटेनंतर मोबाइलच्या उजेडात खुर्च्या शोधणारे आम्ही प्रेक्षकही दोषी आहोत, मान्य. पण वेळ वाचवायचाच होता तर मध्यंतरातल्या सत्कारातून वाचवायचा. तो त्या रात्री पाऊण तास चालला.

– एक जुना प्रॉम्प्टर, सातारा