चेंबरमधली चाळणी

फुलेवाडी, कोल्हापूर
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आईस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या पिकअपचे बिघडलेले इंजिन काल संध्याकाळी सुखरूप खाली उतरले आणि आज दुपारपर्यंत ते उघडूनही झाले. फोनवर मी एवढेच सांगितले आणि बाकीचे पत्रात लिहिते असे म्हणाले, कारण इंजिनाचा विषय निघाला की बाबा, तुम्ही ‘माझ्याच हातून गेले ते’ एवढे बोलून फोन आईकडे देता आणि पुढचे ऐकून घेत नाही. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचाल. तेव्हा जे पाहिले ते क्रमाने लिहिते.

गाडी घरी का उघडली, हे आधी सांगायला हवे. इंजिन उतरवण्याची आणि परत चढवण्याची मजुरी वाचली हे खरे, पण कारण ते नव्हते. गॅरेजमध्ये उघडलेले इंजिन आपल्याला दिसते ते सगळे सुटे भाग डिझेलने धुऊन टेबलावर मांडल्यावर. तोपर्यंत तेल कुठे साचले होते, कोणत्या वाटेत काय अडकले होते, याच्या खुणा निघून गेलेल्या असतात. आमच्या फाउंड्रीत एखादे कास्टिंग नाकारले गेले तर ते आम्ही साफ करण्याआधी तपासतो, नंतर नाही. तीच शिस्त मला आपल्या गाडीला लावायची होती आणि ती दुसऱ्याच्या दारात लावता आली नसती.

बाबांनी सुचवल्याप्रमाणे पडवीच्या तुळईला चेन पुली अडकवली नाही, याचा राग मानू नये. तुळई सागवानी आहे आणि मधोमध भक्कम दिसते, परंतु तिची दोन्ही टोके भिंतीत गाडलेली आहेत आणि तिथे आत वाळवी आहे की नाही हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. गिअरबॉक्स सोडवून ठेवला तरी अडीच लिटरचे बिडाचे डिझेल इंजिन दोनशे किलोच्या वर भरते. म्हणून उद्यमनगरातून जाड पाइपांची तिपाई आणि एक टनाची चेन पुली भाड्याने आणली. आपल्या अंगणात शहाबादी फरशी असल्यामुळे वजन आल्यावर तिपाईचे पाय बाहेर सरकण्याची भीती होती. ते तिन्ही पाय खालच्या बाजूने साखळीने एकमेकांना बांधून घेतले, प्रत्येक पायाखाली लाकडी फळी दिली आणि इंजिन अडकवण्याआधी चौघांनी पुलीला लोंबकळून तिची परीक्षा घेतली. मदतीला काकांचा धाकटा मुलगा होता, माझ्या कामावरचे दोघे होते आणि शनिवारी दुपारनंतर तुमच्या ओळखीचे उद्यमनगरातले मिस्त्रीही आले.

आई, तू बजावल्याप्रमाणे हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून देवघरात ठेवल्या होत्या आणि केस घट्ट बांधले होते. बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी सोडवली, कारण धन तार आधी सोडवायला गेले आणि पाना चुकून चेसिसला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो. कूलंट उघड्या घमेल्यात न ठेवता झाकणाच्या कॅनमध्ये भरले. ते चवीला गोड असते आणि विषारीही, आणि शेजारच्यांचे वासरू दिवसभर आपल्याच फाटकापाशी असते.

तेल काढतानाच मला पहिली शंका आली. तुम्ही तेल कधीही वेळेच्या पुढे जाऊ दिले नाही, त्यामुळे ते दाट झालेले नव्हते. परंतु जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळले तेव्हा कापडावर चांदीच्या वर्खासारखी चमक राहिली आणि तिच्यात तांबूस कणही होते. ऑइल फिल्टर मी पत्रा कापायच्या कात्रीने उघडला. करवतीने कापला असता तर करवतीचाच चुरा आत गेला असता आणि कोणता कण कुठला हे कळले नसते. फिल्टरच्या कागदाच्या घड्या उलगडल्या, तर प्रत्येक घडीच्या तळाशी तोच चुरा बसलेला होता. हे शेवटच्या दिवशीचे नव्हे, हे तेव्हाच माझ्या मनात आले, पण पुरावा हातात येईपर्यंत तुम्हाला काही सांगायचे नाही असे ठरवले.

रेडिएटर, इंटरकूलर आणि पुढची जाळी काढायला फारसा वेळ गेला नाही. वायरिंगच्या प्रत्येक जोडाला कागदी पट्टी लावून क्रमांक दिला आणि सोडवण्याआधी फोटो काढला. पॉवर स्टिअरिंगचा पंप त्याच्या नळ्या न सोडवता तसाच बाजूला बांधून ठेवला. डिझेलच्या नळ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही सोवळे पाळले असे म्हणायला हरकत नाही, कारण इंजेक्टरची छिद्रे सुईच्या टोकाहून बारीक असतात आणि धुळीचा एक कणही तिथे महागात पडतो. जी नळी सुटली तिचे तोंड त्याच क्षणी स्वच्छ टोपणाने बंद केले.

शनिवारी खरा वेळ खाल्ला तो गिअरबॉक्सच्या जोडाने. इंजिनाचा भार पुलीवर घेतला होता, गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला होता, माउंटिंगचे बोल्ट निघाले होते आणि बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचेही सगळे बोल्ट काढले असे आम्ही समजत होतो. इंजिन मात्र बोटभर पुढे सरकून थांबले. काकांचा मुलगा साखळी आणखी ओढू म्हणाला. मी ओढू दिली नाही. अशा वेळी पुलीने जोर केला तर इंजिनाचे सगळे वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येते, क्लच प्लेट वाकते आणि बेलहाउसिंगला तडाही जाऊ शकतो. आणि बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तडा काय असतो हे मी रोज पाहते. मिस्त्री आले, त्यांनी काही न बोलता एक लहान आरसा आणि टॉर्च मागितली आणि अगदी वरच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या सावलीत, चिखलाने लिंपलेला एक बोल्ट दाखवला. त्याच्या मागेच इंजिनाची अर्थिंगची जाड तारही तशीच जोडलेली होती. लांब एक्स्टेन्शन लावून गोटी पान्याने तो बोल्ट काढला, तार सोडवली, आणि मग दोघांनी हाताने हलवल्याबरोबर इंजिन गिअरबॉक्सपासून अलगद सुटले. दीड तास गेला, पण काहीही मोडले नाही याचे मला फार समाधान आहे.

त्यानंतर इंजिन पुढच्या बाजूने किंचित वर करून उचलले आणि ते तिपाईखाली टांगलेले असतानाच चौघांनी गाडी हळूहळू मागे ढकलली. साखळी इंजिनावरच्या दोन्ही लोखंडी कड्यांना बोल्टने पक्की केली होती, दोर कुठेही वापरला नाही, आणि लटकत्या वजनाखाली कोणाचा हात किंवा पायही गेला नाही. आई, हे मी तुला शब्द दिला होता म्हणून मुद्दाम लिहिते. दिवेलागणीच्या सुमारास इंजिन लाकडी चौकटीवर टेकले. तुळशीवृंदावनाला आधीच प्लॅस्टिक गुंडाळले होते आणि फरशीवर लाकडाचा भुसा पसरला होता, त्यामुळे अंगणात डाग राहिलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते ते भांडे, उघडले. गेल्या वर्षी चेंबरच्या जोडातून तेल गळत होते म्हणून आपण ते एका ठिकाणी काढून परत बसवून घेतले होते, हे तुम्हाला आठवत असेल. त्या जोडाला राखाडी सिलिकॉनचा करंगळीएवढा जाड थर दिलेला होता. सिलिकॉन लावायचे ते दोन्ही बाजू कोरड्या व स्वच्छ करून, दोन-तीन मिलिमीटरच्या सलग रेघेत. कारण बोल्ट आवळले की जास्तीचे जितके बाहेर येते तितकेच आतही जाते. बाहेर आलेले पुसता येते, आत गेलेले दिसत नाही. ते तिथे रबरासारखे वाळते, गरम तेलात सुटते आणि तेलाबरोबर ओढले जाऊन पंपाच्या तोंडाशी असलेल्या चाळणीवर जाऊन बसते. आपल्या चाळणीचा निम्म्याहून अधिक भाग अशा राखाडी तुकड्यांनी बुजलेला होता. काही तुकडे लांब शेवयांसारखे जाळीत विणले गेले होते. मिस्त्रींनी ती चाळणी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

म्हणजे गेले कित्येक महिने पंपाला पुरेसे तेल मिळत नव्हते. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकी असते आणि त्या फटीत तेलाचा थर असतो म्हणूनच धातू धातूला लागत नाही. तो थर हळूहळू विरळ होत गेला. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या चारही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरचा पांढरा थर झिजून खालचे तांबे उघडे पडले आहे आणि क्रँकला पेलणाऱ्या पाचही मेन बेअरिंगची तीच अवस्था आहे. झीज सर्वत्र सारखी, गुळगुळीत आहे. एका दिवसाच्या चुकीने असे होत नाही. तसे झाले असते तर एखाद-दुसरे बेअरिंग जळाले असते आणि बाकीची चांगली निघाली असती.

बाबा, तुम्ही सारखे तो एकच प्रसंग बोलता, की गुळाचे रवे भरून येताना बालिंग्याचा पूल ओलांडल्यावर तेलाचा लाल दिवा लागला, आणि शाहू मार्केट यार्डात माल वेळेत पोहोचवायचा म्हणून तुम्ही गाडी थांबवली नाही, ती फुलेवाडीपाशी ठोके द्यायला लागली तेव्हाच थांबलात. तो दिवा तेल कमी पडू लागल्याबरोबर लागत नाही. रस्त्यावर चालत्या इंजिनात तीन-चार बार दाब असायला हवा. तो साधारण अर्ध्या बारच्या आसपास उतरतो तेव्हा कुठे दिवा पेटतो. तुम्हाला तो दिसला तेव्हा नुकसान बहुतेक होऊन गेलेले होते आणि ते तुम्हाला चालकाच्या जागेवरून कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

खोटे सांगून तुमचे समाधान करायचे नाही, म्हणून उरलेलेही लिहिते. क्रँकची दुसऱ्या सिलेंडरची पिन, म्हणजे त्याचा रॉड बसतो ती जागा, निळी पडली आहे आणि तिच्यावर नखाला लागतील अशा रेघा आहेत. तेवढे त्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत झाले असावे, असे मिस्त्रींचेही मत पडले. बेअरिंग जागेवर फिरलेले नव्हते, त्याची खाच शाबूत आहे, त्यामुळे रॉड वाचला. दिवा लागताच गाडी बंद केली असती तर ही एक पिन वाचली असती. इंजिन तरीही उतरवावेच लागले असते. तुमच्या वाट्याचे जे आहे ते एवढे आहे, आणि गेले तीन आठवडे तुम्ही जे संपूर्ण इंजिन स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसला आहात ते कृपा करून खाली ठेवा.

हेडही आज काढले. सिलेंडरच्या आत होनिंगच्या, म्हणजे बनवतानाच घासून उमटवलेल्या, तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, तेव्हा बोअरिंगची, म्हणजे सिलेंडर कापून मोठे करण्याची, गरज पडू नये. एअर फिल्टरची तुम्ही जी काळजी घेतलीत तिचे हे फळ आहे आणि मिस्त्रींनी ते आपणहून बोलून दाखवले. टर्बोचा शाफ्ट मात्र हाताला खेळतो आहे, तेलाची उपासमार त्यालाही झाली आहे, तो वेगळा तपासून घ्यावा लागेल.

आता तुमचा निर्णय हवा आहे. एक वाट अशी की क्रँकला तडा नाही ना हे तपासून तो उद्यमनगरात ग्राइंडिंगला द्यायचा. पाव मिलिमीटर घासून पिन स्वच्छ निघाली तर त्या मापाची बेअरिंग बसतील, नाही निघाली तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाता येईल. दुसरी वाट म्हणजे जुन्या बाजारातून तयार इंजिन आणायचे. त्यात वेळ वाचतो, परंतु त्या इंजिनाच्या आत काय आहे हे आपल्याला माहीत नसते, आणि इंजिनाचा क्रमांक बदलला की आर.टी.ओ.त जाऊन आर.सी. पुस्तकावर त्याची नोंद करून घ्यावी लागते. माझे मत आपलाच ब्लॉक ठेवावा असे आहे, कारण ब्लॉक निर्दोष आहे आणि गुळाचा हंगाम चालू असला तरी घाईने आणलेले इंजिन हंगामाच्या मध्यात पुन्हा बसले तर नुकसान दुप्पट होईल. परंतु गाडी तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसे करू. हंगामातल्या राहिलेल्या खेपांसाठी काकांनी त्यांचा टेम्पो आठवड्यातून तीन दिवस द्यायचे कबूल केले आहे, त्यामुळे गुऱ्हाळवाल्यांना दिलेला शब्द मोडणार नाही.

आई, तुझ्या गुडघ्याचे टाके येत्या आठवड्यात काढणार असे ताई म्हणाली. तोपर्यंत पुण्याहून निघण्याची घाई करू नकोस; जिना चढू नकोस. तुळशीला मी रोज सकाळी पाणी घालते आहे. वापरलेले तेल गटारात जाऊ दिलेले नाही, कॅनमध्ये भरून बाजूला ठेवले आहे आणि जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे देणार आहे.

बाबा, ती चाळणी मी धुतलेली नाही. जशी निघाली तशीच स्टीलच्या डब्यात घालून तुमच्या खुर्चीशेजारच्या फळीवर ठेवली आहे. क्रँक नेण्याआधी मिस्त्री तुम्हाला फोन करतील. तेव्हा फोन आईकडे देऊ नका, त्यांच्याशी तुम्हीच बोला.

तुमची,
धाकटी