क्लॅरिओनेट कोणत्या रकान्यात?

मा. संस्कृती मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

या पत्राची हिंदी प्रत टपालाने भोपाळला गेलीच आहे. ही मराठीतली, ग्वाल्हेरच्या आपल्या माणसांनीही वाचावी म्हणून.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. क्लॅरिओनेट वाजवतो आणि त्यासाठी नव्या रचना बांधतो. मागच्या वर्षी एका कार्यालयात कलावंत म्हणून नाव नोंदवायला गेलो. अर्जावर शास्त्रीय, सुगम, लोक, इतर असे रकाने. खिडकीतल्या साहेबांनी माझ्या क्लॅरिओनेटच्या पेटीकडे बघून विचारलं, "बैंड वाले हैं क्या?" म्हटलं, आजोबा होते. त्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.

वरातीचं वाद्य, हे खरंच. आजोबांनी त्यावरच घर चालवलं. पण साहेब, यावर यमन राग वाजवून बघावा! बासरीवर फुंक वाढवली की जवळपास त्याच बोटांनी वरचा सा मिळतो. क्लॅरिओनेटवर मध्य साची बोटं धरून वरची कळ दाबली, तर तार सा ओलांडून थेट तार पंचम. म्हणजे दर सप्तकाला बोटं निराळी. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, घ्यायची तर उघड्या भोकावरून बोट अगदी हळू सरकवायचं, उरलेलं ओठांनी सांभाळायचं. त्यात आपली डिसेंबरची थंडी. नळी गार पडली की सूर उतरतो, तानपुरा मात्र जागेवर. म्हणून माझी पाळी येईपर्यंत मी वाद्य शालीत, काखेत धरून बसतो. लोकांना वाटतं, म्हातारा गारठला.

म्युनिकचे योर्ग विडमन (जन्म १९७३) क्लॅरिओनेटही वाजवतात आणि रचनाही करतात. बव्हेरियन रेडिओच्या वाद्यवृंदाला बीथोवनची सातवी आणि आठवी सिंफनी वाजवायची होती. त्यांच्या जोडीला वाद्यवृंदाने विडमनकडून एक नवी रचना मागवून घेतली. ती २००८ मध्ये वाजली. जुन्याला धक्का लागला नाही, नव्याला कान मिळाले.

आणि म्युनिक कशाला, मैहर आपल्याच राज्यात आहे. तिथे सरोदिये बाबा अल्लाउद्दीन खाँनी अनाथ पोरं जमवून बँड उभा केला, त्यासाठी रचना बांधल्या, बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग हे वाद्य केलं. आज ते अर्ज भरायला आले असते, तर कुठे खूण झाली असती?

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर ठरवलं. तेव्हापासून फलक पुष्कळ लागलेत. माझं मागणं त्याहून स्वस्त आहे. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवात, दर वर्षी एक नवी रचना शासनाने मागवावी. क्लॅरिओनेटचीच हवी असं नाही. मानधन आधी लेखी ठरवावं, आणि तालमीच्या दिवसांचे पैसे वादकांना वेगळे द्यावेत. तालमीचे पैसे कोणी देत नाही, म्हणून नव्या रचना एकदा कशाबशा वाजतात आणि कपाटात जातात. माझ्या कपाटात अशा चार आहेत.

शिवाय अर्जावर ‘रचनाकार’ असा एक रकाना हवा. माझ्या अर्जाची पावती मी जपून ठेवली आहे. ‘इतर’ खोडून तिथे काय लिहायचं, तेवढं कळवावं.

आपला,
लष्करातला एक क्लॅरिओनेटवाला