परतीच्या पावसाआधी मीटर रूम, जाळी आणि वॉचमनकाकांची खाट : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय : या आठवड्यातील मेघगर्जनेच्या पावसाचा इशारा आणि तळघरातील तातडीची कामं.

माननीय अध्यक्षसाहेब,

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी वार्षिक सभा आहे. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती नेमकी परतीच्या पावसात येते. विषयपत्रिकेवर रंगकाम आहे, पार्किंगची आखणी आहे, पावसाचा विषय मात्र नाही. हवामान खात्याने गुरुवारपासून जिल्ह्याला विजांच्या कडकडाटासह पावसाचा यलो आणि घाटमाथ्याला ऑरेंज इशारा दिला आहे. त्यामुळे सभेपर्यंत न थांबता हे पत्र लिहिते आहे.

आपल्या ग्रुपवर परवा कोणीतरी लिहिलं, 'खडकवासल्यातून विसर्ग नाही, काळजी नको.' हा गैरसमज दूर व्हायला हवा. नदीकाठच्या लोकांना धरणातून किती क्युसेक सोडणार ते आधी कळतं. पुरेसं आधी कळतंच असं नाही, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलं. पण निदान आकडा तरी असतो. आपण आंबिल ओढ्याच्या काठी आहोत. ओढ्याला दरवाजे नाहीत आणि विसर्गाची घोषणाही नाही. कात्रजच्या डोंगरावर कोसळलेलं पाणी पद्मावती, सहकारनगर करत दांडेकर पुलाकडे निघतं आणि वाटेत आपल्या भिंतीला घासून जातं.

परतीच्या पावसाची तऱ्हाच निराळी असते. दिवसभर जमीन तापते, हवेत बाष्प भरपूर असतं आणि दुपारनंतर ढग उभे चढू लागतात, दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत. मग एकाच भागावर तास-दीड तासात सगळं रितं होतं. शिवाजीनगरला रस्ते कोरडे असतात आणि कात्रजला समोरचं दिसत नाही. त्यामुळे शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा पाहून आपण निश्चिंत झोपणं बरोबर नाही. शिवाय 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, अशी खात्याची व्याख्या आहे. तेवढाच पाऊस दिवसभर पडला तर गटारं पेलतात, तासाभरात पडला तर नाही. आपली गच्ची साधारण ६०० चौरस मीटर आहे. एका तासात ६० मिलिमीटर पडला, तर नुसत्या गच्चीवरून ३६ हजार लिटर पाणी खाली येईल. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर झाले. आणि ते सगळं रॅम्पच्या तोंडाशी असलेल्या त्या एका जाळीवर.

ती जाळी मी काल सकाळी पहारीने उचलून पाहिली. वर पिंपळाची पानं, खाली गणपतीच्या सजावटीचे थर्माकोलचे तुकडे, त्याखाली सिमेंटचा घट्ट थर. ही बहुधा गेल्या वर्षीच्या प्लास्टरकामातली स्लरी असावी. हात घातला तर मनगटाच्या पुढे जाईना. मे महिन्यात आपण नालेसफाईचं बिल दिलं आहे. त्यात ही जाळी होती की नव्हती, हे समितीने तपासावं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथल्या जुन्या सभासदांना विसरता येणार नाही. त्या एका पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे रात्री साडेदहाला रॅम्पवर घोट्याइतकं पाणी होतं आणि सव्वाअकराला खालच्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागले. मीटर रूममध्ये पाणी शिरेपर्यंत मेन स्विच कोणी पाडायचा यावर जिन्यात चर्चा चालली होती. शेवटी दिवे आपोआप गेले आणि आपण वाचलो. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर टँकरचं पाणी प्यायलो, कारण भूमिगत टाकीचं झाकण जमिनीलगत आहे आणि गाळाचं पाणी थेट आत गेलं होतं. खांबावरची पाण्याची रेघ नंतरच्या रंगाखाली झाकली गेली. माझ्या खांद्याच्या जरा खाली होती ती.

मीटर वर हलवण्याचं काम महावितरणकडे रीतसर अर्ज करून, परवानाधारक ठेकेदाराकडूनच होतं आणि त्याला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण रविवारी रंगकामाच्या आधी तो ठराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे. टाकीचं झाकण दीड फूट उंच कठड्यावर घेणं मात्र गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे, ते याच आठवड्यात होऊ शकतं. जाळी तर उद्याच. ऑरेंजचा अर्थ 'तयार राहा' असा आहे. तो घाटमाथ्याला दिलाय म्हणून आपण शांत बसायचं कारण नाही, कारण यलोमध्येही असा एखादा ढग आपल्याच डोक्यावर येऊ शकतो. खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज येत असतो, पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं (आयआयटीएम) 'दामिनी' ॲप जवळ वीज पडण्याची शक्यता दाखवतं. रात्री ते कोणीतरी पाहायला हवं.

सगळ्यात आधी मात्र हे. रात्रपाळीचे वॉचमनकाका तळघरात, मीटर रूमच्या भिंतीला लागून झोपतात. त्यांनी आपली पत्र्याची ट्रंक चार विटांवर ठेवली आहे. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'ताई, पाणी आलं तर कपडे तरी वाचतील.' मला पुढे बोलवेना. पाऊस कितीचा आहे हे आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांना नीट कळलं आहे, आणि आपण त्यांना सर्वांत खाली झोपवलं आहे. त्यांची खाट आजच्या आज क्लब हाऊसमध्ये हलवावी. त्यासाठी सभेची किंवा ठरावाची गरज नाही.

आणि मेन स्विच पाडायचा निर्णय कोणाचा, ते नाव लिहून नोटीस बोर्डावर लावावं. पाणी रॅम्पच्या तिसऱ्या पट्टीला लागलं की कोणाला न विचारता, मीटर रूम कोरडी असतानाच स्विच पाडायचा. पाणी आत शिरल्यावर कोणीही खाली उतरायचं नाही, गाडी काढायलासुद्धा नाही. गाड्या संध्याकाळीच वरच्या रस्त्यावर लावाव्यात.

गुरुवार ते शनिवार रात्री दहा ते पहाटे पाच दोन-दोन सभासदांनी जागं राहावं, असं सुचवते. गुरुवारची पहिली पाळी माझ्या नावावर लिहा. मीटर रूमची एक किल्ली आजच माझ्याकडे द्यावी.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, पहिला मजला