चंद्री, कोंबड्या आणि निफाडची थंडी

पुणे, कार्तिक अखेर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 10 च्या खाली गेल्याचं पेपरात आलंय. म्हणजे डिसेंबरात पहाटे 5-6 अंश आणि दुपारी 28 चं ऊन हा दरवर्षीचा खेळ आता सुरू होणार. कोंबड्यांची आणि आपल्या चंद्री घोडीची थंडीत काय काळजी घ्यायची, ते फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. भिंतीला लावून ठेवा.

बाबा, सगळ्यात आधी एक. द्राक्षबागेवरचा जुना प्लास्टिक कागद खुराड्याला चारी बाजूंनी गुंडाळू नका. आपल्याकडची थंडी अंगभर पिसं असलेल्या मोठ्या कोंबडीला मारत नाही, तिला मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. रात्रभर कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाणी सुटतं, ते पत्र्याला आतून धरतं आणि पहाटे खाली अंथरलेल्या तुसावर ठिबकतं. ओल्या तुसातून अमोनिया सुटला की डोळ्यांत फेस, नाकाला पाणी आणि आठवडाभरात घरघर. मग लोक म्हणतात थंडी बाधली. पडदा फक्त वाऱ्याच्या बाजूला, उत्तर-पूर्वेला लावा. तो खालून वर बांधत न्या आणि पत्र्याखाली फूटभर जागा मोकळी सोडा. समोरच्या बाजूची जाळीही वरून तेवढीच उघडी राहू दे. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट झोत येता कामा नये, बाकी हवा खेळू दे. पारख करायची तर पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्यायचं. डोळे चुरचुरले तर पडदा जास्त झाला. (आई, तू गुडघे घेऊन वाकू नकोस, हे काम बाबांचं.)

तूस 2 इंच असेल तर 4 इंच करा. दोन-तीन दिवसांनी ऊन वर आल्यावर दाताळ्याने खालीवर करायचं आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला थर उचलून खतात टाकायचा. वास मारतो म्हणून वरून चुना भुरभुरू नका. चुन्याने अमोनिया आधी जास्तच सुटतो. चुना मारायचाच असेल तर कोंबड्या दिवसभर बाहेर असताना. बसायला लोखंडी पाइप आहे तो काढून 2 इंच रुंद, सपाट लाकडी पट्टी ठोका. सपाट पट्टीवर कोंबडी बसली की बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात, पाइप मात्र रात्रभर गारच.

अंडी कमी झाली की आई दर हिवाळ्यात खाद्यवाल्याला शिव्या घालते. त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस 11 तासांहूनही थोडा लहान असतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला 14 तासांच्या वर उजेड लागतो. गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्यांच्या कप्प्यात 5 वॅटचा एलईडी लावा, टायमरवर पहाटे 4 पासून उजाडेपर्यंत. संध्याकाळी नको, कारण दिवा अचानक गेला की अंधारात त्या दांडीपर्यंत पोचत नाहीत, जमिनीवरच एकमेकींवर चढतात. एकदा सुरू केल्यावर मध्ये खाडा करू नका, नाहीतर पिसं गाळायला लागतील. गावरान कोंबड्यांना यातलं काही नको, त्यांना सुट्टी घेऊ दे. खाद्य मात्र सगळ्यांनाच थोडं जास्त लागेल. संध्याकाळी खुराड्यात शिरायच्या आधी दर कोंबडीला 10-15 ग्रॅम भरडलेला मका किंवा बाजरी द्या. रात्रभर पोटात दळण चालू राहिलं की ऊब टिकते. दिवसा दाणे टाकलेत तर त्या दाण्यांवरच पोट भरतील आणि शिंपला-प्रथिनं असलेलं खाद्य तसंच राहील.

पिल्लं काढणार असाल तर जुना तारेचा पिवळा बल्बच आणा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, आणि त्याखाली पिल्लं गारठून मरू शकतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश, पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी. एकाऐवजी दोन बल्ब टांगा, एक उडाला तर दुसरा असावा. थर्मामीटरपेक्षा पिल्लं चांगलं सांगतात: बल्बखाली गठ्ठा झाला तर गार, भिंतीला चिकटली तर गरम, सगळी एकाच अंगाला सरकली तर कुठून तरी झोत येतोय. लाइट गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, पिल्लांनाही नको आणि तुम्हालाही नको.

पिल्लांच्या खाद्यावरून महत्त्वाचं. त्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते औषध, घोड्याला विष. काळजाचे स्नायू निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. उरलेलं खाद्य वाया जाऊ नये म्हणून चंद्रीच्या बादलीत टाकायचं नाही, चिमूटभरही नाही. पोतं पागेत न ठेवता झाकणाच्या ड्रममध्ये, दुसऱ्या खोलीत ठेवा. कोंबड्याही चंद्रीच्या गव्हाणीवर बसायला देऊ नका. विष्ठा चाऱ्यात जाते, आणि कोंबडीचे गोचिडासारखे बारीक लाल कीडे रात्री घोडीला चावतात. मग ती खांबाला अंग घासून घासून केस घालवते.

आता चंद्री. तिला झूल घालायची घाई नको. घोड्याचे हिवाळी केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते, तीच तिची रजई. पातळ झूल ते केस चेपते आणि वर ऊब काही देत नाही. वरातीहून घामेजून आली तर आधी गोणपाटाने कोरडी चोळा, हळू फिरवा आणि छातीवर हात ठेवून कोरडी लागली की मगच झूल. ओल्या अंगावर कधीच नाही.

घोड्याची शेगडी म्हणजे त्याचं मोठं आतडं. तिथे चारा आंबतो आणि अंग गरम राहतं, म्हणून थंडीत हरभरा नाही, चारा वाढवायचा. तिच्या 350 किलोला दिवसाला 6-7 किलो कोरडा चारा धरा, त्यातला मोठा वाटा रात्री. दवात भिजलेला, बुरशीचा वास येणारा कडबा टाकू नका, खोकला धरतो. ऊसतोडीत वाढं फुकट मिळतं म्हणून तेच पोटभर नको, त्याने शरीरातलं कॅल्शियम कमी होतं. खोडव्याला फुटलेली कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नाही.

खरी भीती पाण्याची. हौदातलं पाणी पहाटे इतकं गार असतं की ती नुसतं तोंड लावते. कोरडा चारा जास्त आणि पाणी कमी झालं की लीद आतड्यात अडकते. दिवसाला 25-30 लिटर पोटात गेलंच पाहिजे. सकाळ-संध्याकाळ बंबातलं गरम पाणी मिसळून कोमट बादली द्या आणि चाऱ्यात 30 ग्रॅम साधं मीठ टाका. बादल्या मोजा, अंदाज नको. लीद कमी, बारीक आणि कोरडी दिसली की त्याच दिवशी सावध व्हा. पुढच्या पायाने जमीन उकरते, वळून कुशीकडे बघते, सारखी बसते-उठते, ही पोटशूळाची लक्षणं. जबड्याच्या हाडाखालची शीर बोटाखाली धरून 15 सेकंद ठोके मोजा. 7 ते 11 ठीक, 15 च्या वर गेले तर डॉक्टरांना लगेच बोलवा. तोवर चारा काढून घ्या. नाळक्याने तेल पाजायचा आग्रह शेजारचे करतील, करू देऊ नका. ते फुफ्फुसात गेलं तर दुखणं दुप्पट.

तिचे दात एकदा बघून घ्या. अर्धवट चघळलेले चाऱ्याचे बोळे गव्हाणीखाली पडत असतील तर दाढांना धार आली आहे, कानस मारावी लागेल. नालबंदाला दीड-दोन महिन्यांनी बोलवत राहा.

उसाचे फड मोकळे होतायत, बिबट्या वस्तीकडे येईल. खुराड्याचं दार दिवेलागणीला लावून आडणा घाला, आणि रात्री कुत्रा भुंकला तर बाबा, एकट्याने बाहेर पडू नका. आधी बाहेरचा मोठा दिवा लावा.

कळावे,
तुमची लेक