दाखला सरकारचा, सही भटजींची

लग्नावरचा धर्माचा अधिकार सरकारकडे गेला म्हणतात, अर्धेच खरे. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) कलम ७ नुसार, सप्तपदीची रीत असेल तिथे सातव्या पावलाला लग्न पुरे होते. विधी झालाच नसेल तर नुसत्या दाखल्याला अर्थ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले. नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते ती वेगळीच!

भटजी नको असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४. एकाचा तरी जिल्ह्यात ३० दिवस रहिवास, मग ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिने उलटले की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय नोटीस कार्यालयात उघड लावतात. भावकीला सुगावा लागतो तो तिथेच. ही जाहीर नोटिशीची अट आधी रद्द करा.

– एक वाचक, सातारा