तलाव मोजता, फ्लेमिंगो मोजता, मग खाडीवर जगणारी माणसं कधी मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की तुमच्या पेपरात रोज एक चौकट येते, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत आज किती साठा, मागच्या वर्षी याच तारखेला किती होता वगैरे. एकूण क्षमता 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर, हा आकडा आता आमच्या घरात शाळेतल्या पोरालाही पाठ झालाय. चांगलं आहे, छापायलाच हवं. पण यातले भातसा आणि तानसा आपल्या शहापूर तालुक्यातले, आणि त्याच शहापुरात एप्रिल-मे लागला की पाड्यांवर टँकर सुरू होतात, बायका विहिरीच्या तळातून वाटी वाटीने पाणी भरतात, त्याची चौकट काय मी कधी बघितली नाही. बातमी येते, फोटो येतो, पण रोजचा आकडा येत नाही. कारण सरळ आहे, नळ जिकडे आहे तिकडून मोजणी होते, झरा जिकडे आहे तिकडून नाही.

मी ऐरोलीच्या दिवागावातली, आणि महापेला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळे आकड्यांची सवय जरा जास्तच. आमच्याकडे खाडी म्हटलं की आता लोकांना फ्लेमिंगोच आठवतात. 2015 ला ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, साधारण 1690 हेक्टर, मग 2022 ला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ऐरोलीतून बोटीने पक्षी दाखवायला नेतात, बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेची माणसं वर्षानुवर्षं पक्षी मोजतायत आणि लाखाच्या वर फ्लेमिंगो आले हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू. पण याच खाडीत पाग टाकणारे किती, चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या काढणाऱ्या बायका किती, कालवं फोडून विकणाऱ्या किती, त्यांना महिन्याला सुटतात किती, हे विचारलं तर कोणाकडे धड उत्तर नाही. मच्छीमार सोसायटीकडे सभासदांची यादी असते तेवढीच, आणि त्या यादीत बायका किती हे आणखी वेगळं.

मागे आमच्याकडे एका प्रोजेक्टसाठी सर्वे करायला एक मुलगा आला होता, कुठल्यातरी एजन्सीचा, हातात टॅब. बिचारा उन्हात फिरून दमलेला, त्याच्यावर माझा राग नाही. आई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती. त्याने पहिला प्रश्न टाकला, बोट आहे का? नाही. लायसन? नाही. मग बोटीचा नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढेच जाईना, तर त्याने मागे जाऊन व्यवसायात 'गृहिणी' टाकलं आणि पुढे सरकला. आई म्हणाली, अरे बाळा, आज पहाटे ओहोटी कधी लागली ते विचार, मी तिकडेच होते. तो हसला आणि पुढच्या घरी गेला. म्हणजे चाळीसएक वर्षं ज्या बाईने खाडीवर घर चालवलं ती सर्वेत खाडीवर नाहीच! आणि उद्या त्या प्रोजेक्टची भरपाई निघाली तर हाच कागद पुढे येणार.

बरं, यात फक्त त्या एजन्सीचा दोष नाही, कारण हे काम मोजणं खरंच किचकट आहे. खाडीतला माल काट्यावर जातोच कुठे, आमच्याकडे वाटे लावतात. एका वाट्यात किती कोलंबी हे दिवसावर, गिऱ्हाइकावर आणि विकणारीच्या मूडवर अवलंबून, सकाळी जो वाटा दोनशेला तोच दुपारी शंभरला, उरलेला घरी कालवणात. उधाणाला (मोठ्या भरतीला) काम वेगळं, भांगाला (लहान भरतीला) वेगळं. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि चांदण्यातल्या पोकळ, हे आमच्याकडे लहान पोरंही सांगतील, भाव पण तसाच पडतो. आता सर्वेवाला जर पौर्णिमेच्या आठवड्यात येऊन 'गेल्या सात दिवसांची कमाई' विचारून त्याला 52 ने गुणणार असेल तर तो आकडा चुकणारच. ऑफिसात कोणी मला एका आठवड्याच्या बिलांवर वर्षाचा ताळेबंद करायला सांगितला तर मी करेन का? सर्वे महिन्यातून दोनदा, भरती-ओहोटी बघून, पावसाळ्यात वेगळा आणि हिवाळ्यात वेगळा असा वर्षभर धरून केला पाहिजे, तर काहीतरी हाती लागेल.

जनगणनेचं बघा. 2011 ला ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर धरून) 1 कोटी 10 लाखांचा, देशात सगळ्यात मोठा. पण गावनिहाय आणि वॉर्डनिहाय जे आकडे मिळतात त्यात काम करणाऱ्यांचे खाने चारच, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि 'इतर'. मासेमारी इतरमध्ये. म्हणजे ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये एसीत बसणारा आणि त्याच्याच मागच्या खाडीत गुडघाभर गाळात उभा असलेला, दोघं एकाच खान्यात, आणि त्यावरून कोणी म्हणालं की ऐरोलीत आता सगळे नोकरी-धंद्यावाले झालेत तर आकडा त्याला नाही म्हणणार नाही. केंद्राची सागरी मच्छीमारांची वेगळी गणना होते हे मला माहीत आहे, 2010 च्या गणनेत महाराष्ट्रात 456 मच्छीमार गावं धरली होती. पण ती गणना काही वर्षांनी एकदा होते, आणि खाडीत पायी फिरून चिंबोरी काढणारी बाई तिच्यात किती नीट बसते हा प्रश्न राहतोच.

आता येतेय 2027 ची जनगणना, माणसं मोजणार फेब्रुवारीत. फेब्रुवारीत शहापूर, मुरबाड, भिवंडी पट्ट्यातली कातकरी कुटुंबं असतात कुठे? वीटभट्टीवर. दिवाळीनंतर बयाणा घेतलेला असतो, पोराबाळांसकट जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांची गणती झालीच तर भट्टीवर होणार, आणि गावातल्या पाड्यावर घरं बंद दिसणार. मग त्या पाड्याला अंगणवाडी, पाण्याची योजना, रेशन हे सगळं कमी माणसांच्या हिशोबाने. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक, त्यांच्यासाठी योजना निघतात, पैसे येतात, आणि मोजायला जायचं ते नेमकं घरात कोणी नसताना.

आणि हे सगळं मी काही हौस म्हणून लिहीत नाही, यात पैशाचा थेट प्रश्न आहे. उरणकडे बघा. जेएनपीटी बंदराच्या विस्ताराने खाडीचे मार्ग बुजले म्हणून पारंपरिक मच्छीमार हरित लवादात गेले, 2015 च्या फेब्रुवारीत निकाल लागला, 1630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख. भागाकार केला तर कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. पुढे त्या पैशाचं काय झालं तो वेगळा विषय, पण केसचा जीव कशात होता बघा, कुटुंबं किती आणि प्रत्येकाचं बुडालं किती. तसंच वाशीच्या तिसऱ्या खाडी पुलाचं, तिथले मच्छीमार हायकोर्टात गेले, 2021 ला कोर्टाने सरकारला भरपाईचं धोरणच करायला लावलं आणि 2023 ला ते आलं. धोरण आलं ते बरंच झालं. पण धोरणात रक्कम ठरवायला आधी माणूस मच्छीमार आहे हे सिद्ध व्हायला लागतं, आणि पूल होऊन गेल्यावर, गाळ भरल्यावर, मासा गेल्यावर तुम्ही 'आधी किती मिळत होतं' ते मोजणार कसं? आधीचा आकडा आधीच घेऊन ठेवायला लागतो. तो कोणी घेत नाही, आणि मग कोर्टात कंपनीचे वकील म्हणतात की पुरावा दाखवा. वाट्याची पावती असते का हो?

इंग्रजांच्या काळात निदान मिठाचा हिशोब चोख होता. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात मिठागरं, मासे, जंगल, व्यापार सगळं ओळीने लिहिलंय. अर्थात त्यांना आपली काळजी होती म्हणून नव्हे, मिठावर कर होता म्हणून. कर गेला, मग नवी मुंबई वसवायला सिडको आली 1970 ला, 95 गावांची जमीन गेली, भातशेतीबरोबर मिठागरंही गेली, आणि जमिनीचा हिशोब गुंठ्यात झाला, त्यासाठी 1984 ला उरणकडच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसांचा जीव गेला तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्यापर्यंत गोष्ट आली. पण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो खाडीवर नाहीतर मिठागरावर मजुरी करून जगायचा, त्याचं काय गेलं हे कुठल्या सातबाऱ्यावर असणार?

पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या एका खेड्याचा घर न् घर अभ्यास केला, जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, बाहेरची कमाई किती, 1917 ला तो छापून आला. आज पिंपळे सौदागरला टॉवरशिवाय काही दिसत नाही, पण ते गाव काय होतं ते कागदावर आहे. आमच्या घणसोली, दिवा, तळवली, जुहूगावचं असं काही केलं असतं तर? अजूनही वेळ गेलेली नाही, म्हाताऱ्या बायका आहेत अजून.

अमेरिकेतल्या मेन राज्याबद्दल वाचत होते. जवळजवळ 90 टक्के जंगल, लोकसंख्या 14 लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या ठाणे शहरापेक्षा कमी. तिकडे लॉबस्टर पकडणं हा मोठा धंदा. तिथलं मासेमारी खातं दरवर्षी सांगतं की किती माल किनाऱ्यावर उतरला आणि मच्छीमारांच्या हातात किती पैसे पडले, 2021 ला 70 कोटी डॉलरच्या वर पडले. एका लायसनवर जास्तीत जास्त 800 सापळे. 1995 च्या कायद्याने किनाऱ्याचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात मच्छीमारांनी निवडून दिलेली कौन्सिल बसवली. त्यांच्या युनिव्हर्सिटीतले जेम्स ॲचेसन नावाचे प्राध्यापक वर्षानुवर्षं त्या मच्छीमारांत जाऊन शिकले की समुद्राचा कुठला तुकडा कोणाचा हे लोक आपसात कसं ठरवतात. आपल्याकडे पण कुठल्या गावाची खुटणी (जाळं बांधायचे खुंट) कुठे हे ठरलेलंच आहे की, फक्त ते विचारायला कोणी प्राध्यापक आलेला नाही. आता लगेच कोणी म्हणेल त्यांचं राज्य श्रीमंत आणि लॉबस्टर महाग. असेल, पण वही घालायला किती खर्च येतो?

माझी मागणी फार नाही. ठाणे आणि नवी मुंबईत कॉलेजं ढिगाने आहेत, एनएसएसची पोरं दरवर्षी झाडं लावतात आणि फोटो काढतात, त्याऐवजी इकॉनॉमिक्स आणि समाजशास्त्राच्या मुलांना एक एक कोळीवाडा, एक एक पाडा, एक एक वीटभट्टी वर्षभरासाठी द्या. जिल्हा नियोजन समितीने त्याला थोडे पैसे द्यावेत, फॉर्म गावातल्या बायकांना बसवून तयार करावा (बोटीचा नंबर पहिला विचारू नये ही विनंती), आणि रिपोर्ट मराठीत काढून वॉर्ड ऑफिसात आणि ग्रामपंचायतीत लावावा, म्हणजे चुकलं असेल ते लोकच येऊन सांगतील. फेब्रुवारी 2027 च्या आधी जिल्हा प्रशासनाने भट्ट्यांची यादी तेवढी करून ठेवावी, आणि तिथे मोजलेलं कुटुंब कुठल्या पाड्यावरचं हे आपल्यापुरतं वेगळं लिहून ठेवावं, म्हणजे पाड्याचं रेशन-पाणी ठरवताना कामाला येईल.

आणि संपादकसाहेब, एक काम तुमच्याकडे पण आहे. तलावांच्या चौकटीखाली दोन ओळींची जागा असेल तर आज शहापूर-मुरबाडमध्ये किती गावपाड्यांना टँकर चालू आहेत तो आकडा छापा. तहसील कार्यालयात तो असतो, तुमच्या वार्ताहराला एक फोन करायला लागेल.

आपली,
एक वाचक, दिवागाव, ऐरोली